दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून घरी आलेल्या बाळाची प्रश्नावली: भरण्याआधी एवढं वाचा

बाळ बरंच आधी जन्मलं, वजन दीड किलोच्या आत होतं, जन्मल्यावर रडलं नाही, फिट आली किंवा कावीळ वाढून रक्त बदलावं लागलं, की डॉक्टर त्याला ‘हाय रिस्क’ म्हणतात. म्हणजे काही बिघडलंच आहे असं नाही. अशा बाळावर लक्ष मात्र जास्त ठेवावं लागतं. आमच्या केंद्रात बाळ अर्धा तास असतं, त्यातला निम्मा वेळ रडण्यात जातो. तुम्ही त्याला दिवसभर बघता, म्हणून कागद तुमच्याकडे.

ही ‘एजेस अँड स्टेजेस’ प्रश्नावली अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात तयार झाली. बोलणं-समजणं, मोठ्या हालचाली, बोटांची कामं, डोकं चालवणं आणि माणसांत मिसळणं असे पाच गट, प्रत्येकात सहा प्रश्न. ‘हो’ला 10, ‘कधीकधी’ला 5, ‘अजून नाही’ला 0. पाच गटांची बेरीज होत नाही. प्रत्येक गटाची रेषा, म्हणजे निदान किती मार्क हवेत ते, वेगळी असते आणि वयाप्रमाणे बदलते. प्रश्न कळला नाही तर फोन करा, मालवणीत विचारलंत तरी चालेल.

गोंधळ होतो तो वयाचा. पूर्ण दिवस म्हणजे 40 आठवडे. बाळ 32व्या आठवड्यात झालं असेल तर 8 आठवडे वजा करायचे. आज ते सहा महिन्यांचं असलं तरी कागद चार महिन्यांचा भरायचा. दोन वर्षांचं होईपर्यंत हाच हिशेब. लशींना मात्र हा हिशेब लावू नका, त्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

आठवून लिहू नका, करून बघा. झोप झालेली आणि पोट भरलेलं असताना बसा. गणपतीत किंवा शिमग्यात घर भरलेलं असेल तर पाहुणे गेल्यावर भरा, नाहीतर बिचकलेलं बाळ येतं तेही करत नाही. नऊ-दहा महिन्यांच्या बाळासमोर ताटलीत चुरमुऱ्याचा एकच दाणा ठेवा. अख्ख्या पंजाने ओढतं, की अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरतं? दाणा तोंडात जाणारच, तेव्हा नजर हटवू नका. शेंगदाणा आणि काजू तर नकोच, घशात अडकतात.

काही गोष्टींचं घरात कौतुक होतं आणि नेमक्या त्याच आम्हाला कळायला हव्या असतात. ‘चार महिन्यांचा आहे, पण पाय कसे ताठ रोवतो!’ पाय सारखे ताठ राहत असतील, टाचा टेकत नसतील, लंगोट बांधताना मांड्या फाकत नसतील, तर ती ताकद नसून स्नायूंचा ताठरपणा असू शकतो. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल तर ‘डावरा होणार’ म्हणून सोडून देऊ नका. दुसरा हात कमी का चालतो, ते बघायला हवं. आजी म्हणेल, ‘ह्येचो बापूस पण उशिरान बोलाक लागलो.’ असेलही. पण बापूस पेटीत नव्हता. हे सगळं कागदाच्या मागे लिहा. बाबा मुंबईला असतील आणि आई कामावर जात असेल, तर आजीलाच भरू दे.

आमच्या लाजेखातर ‘हो’ लिहू नका. ‘अजून नाही’ लिहिलंत म्हणून बाळ नापास होत नाही. मार्क रेषेखाली आले तरी तो आजार ठरत नाही, सविस्तर तपासणी मात्र लागते. रेषेच्या जवळपास आले तर घरी करायचे खेळ आणि व्यायाम शिकवतो आणि पुन्हा बोलावतो. बाळ आधी जे करत होतं ते करेनासं झालं, तर पुढच्या कागदाची वाट न बघता लगेच डॉक्टरांना दाखवा.

डोळे आणि कान या कागदाने तपासले जात नाहीत. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्यांचा पडदा जन्मानंतर 30 दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो. फार लहान बाळांचा त्याहूनही लवकर. कानांची बेरा तपासणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, हे बघणारी) झाली का, तेही डिस्चार्ज कार्डावर बघा आणि येताना ते कार्ड सोबत आणा.

आमची फी परवडत नसेल तर थांबून राहू नका. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बाळांची तपासणी मोफत होते. आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा. तिथे दाखवायला आमचे भरलेले कागद लागले तर मागून घ्या.