ऑफिस आधी ऑनलाइन झालं, वर्ग मागून

विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजात संगणक करोनाच्या कितीतरी आधी आला होता, पण आला तो ऑफिसात. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या कोर्सची केंद्रं गावोगावी निघाली. पुढे परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा अर्ज, निकाल असं एकेक ऑनलाइन होत गेलं. वर्गात मात्र खडू-फळाच राहिला. जुलै २०१७ मध्ये केंद्राने ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं पोर्टल आणि ‘स्वयंप्रभा’च्या ३२ शैक्षणिक डीटीएच वाहिन्या सुरू केल्या, तरी आपल्याकडे शिकवण्याच्या रोजच्या पद्धतीत त्यांना जागा मिळाली नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि प्राध्यापकांच्या हाती एकदम झूम आणि गुगल मीट आलं. मेळघाटातल्या धारणी, चिखलदरा आणि गडचिरोलीतल्या एटापल्ली, भामरागड या भागात थेट तास चालणं अवघडच होतं. पोरगी रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसायची. आवाज तुटायचा, दीड जीबी डेटा संपायचा. कित्येक घरांत फोन एकच, तोही बाप वावरात जाताना सोबत न्यायचा. अशा वेळी कामी आलं ते साधंच: वहीच्या पानांचे फोटो, पाच-सात मिनिटांचा बोलून पाठवलेला धडा, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर. रात्री रेंज आली की उतरवून घ्यायचं आणि सवडीने ऐकायचं.

परीक्षेचा घोळ वेगळाच. राज्य सरकारला अंतिम वर्षाची परीक्षा नको होती, विद्यापीठ अनुदान आयोगाला (यूजीसी) हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० ला ती घ्यावीच लागेल, असा निकाल दिला. मग ऑक्टोबरात बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा झाली. वर्षभर दीर्घोत्तरी लिहायचा सराव केलेल्या मुलांना गोल निवडायला लावले, तेही रेंजच्या भरवशावर. हा अन्याय होता, असंच मला वाटतं.

ज्या गावात मोबाइलला रेंज नव्हती, तिथेही अनेक घरांवर डिशची छत्री होती. तरी विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि स्वयंप्रभाचं वेळापत्रक जुळवून विषयवार तक्ता मुलांच्या हाती देण्याचं काम मागेच पडलं. माझ्या मते त्या दोन वर्षांतली सर्वांत मोठी चूक ती.

२०२१ मध्ये यूजीसीने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करायची मुभा दिली. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या पोराला ती वापरता यायची तर व्हिडिओ आधी कॉलेजच्या ग्रंथालयात उतरवून ठेवायला हवेत, पेनड्राइव्हवर घरी नेता येतील असे. सोबत मराठीतून समजावणारा प्राध्यापक हवा, आणि कित्येक ठिकाणी ती जागा आजही रिकामी आहे.