पार्श्वभूमी: पीएस टू, मिशनवाल्या गेम आणि ते ८ एमबीचं कार्ड

ॲक्शन-ॲडव्हेंचर हा शब्द आपल्या इकडे कधी कोणाच्या तोंडी नव्हता. वणी, पांढरकवडा, पुसद, कुठल्याही तालुक्याच्या गेमच्या दुकानात जा, पोट्टे "मिशनवाली गेम" म्हणायचे, आणि त्यात गॉड ऑफ वॉर, प्रिन्स ऑफ पर्शिया, जीटीए सगळंच यायचं. मला हा शब्द जास्त बरोबर वाटतो, कारण इंग्रजीतल्या शब्दाचाच घोळ आहे. ॲडव्हेंचर म्हणजे आधी कॉम्प्युटरवर टाइप करून खेळायची शब्दांची गेम. १९८० ला अटारी या गेमच्या मशीनवर त्याच नावाची गेम आली, तिच्यात जॉयस्टिकने एक छोटा चौकोन फिरवायचा, चाव्या शोधायच्या, ड्रॅगन मारायचे. तिथून हाणामारी आणि शोधाशोध एकत्र झाली आणि पुढे नावाला जोडशब्द चिकटला.

मिशन म्हटलं की आज अर्धं, उद्या अर्धं आलं, म्हणजे कुठपर्यंत आलो ते मशीनच्या लक्षात राहिलं पाहिजे, आणि माझ्या मते या गेमचा खरा इतिहास तोच आहे. १९८६ ला जपानमध्ये झेल्डा नावाची गेम डिस्कवर आली म्हणून सेव होत होती. १९८७ ला अमेरिकेत कॅसेटवर आली तेव्हा कॅसेटच्या आत बॅटरी घातली, आणि सूचना अशी होती की बंद करताना आधी रिसेट दाबून धरा अन् मग पॉवर बंद करा, नाहीतर सेव उडू शकते. आता आपल्या इकडे लाइन जाताना काय सांगून जाते का, रिसेट कोण दाबून धरणार! पण तो प्रश्नच आला नाही, कारण आपल्याकडे नव्वदच्या दशकात आल्या त्या नकली मशिनी आणि "९९९९९९९ इन १" वाल्या कॅसेटा, ज्यात मोजक्याच गेम फिरून फिरून यायच्या आणि बॅटरी नसायची. म्हणून आपलं पूर्ण बालपण कॉन्ट्रा आणि मारिओवर गेलं, एका बैठकीत संपतील अशा गेमवर.

मग पीएस टू, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन टू. मार्च २००० ला जपानमध्ये आला, डीव्हीडी चालायची, ३२ एमबी मेमरी, त्या काळात लय मोठी गोष्ट. पण मशीनच्या आत सेव करायला जागाच नाही. त्यासाठी ८ एमबीचं कार्ड, आणि जपानबाहेर ते डब्यात देत नव्हते, वेगळं विकत घ्यायचं. यावर तेव्हाही लोक चिडले होते, आणि मला अजूनही हा निर्णय पटत नाही. कंपनीची बाजू मला समजते, आधीच्या प्लेस्टेशनलाही १९९४ पासून तसंच होतं, १२८ केबीचं कार्ड, त्यात १५ ब्लॉक, ते खिशात टाकून मित्राच्या घरी न्यायचं आणि तिथे पुढे खेळायचं. ज्याच्या घरी मशीन त्याच्यासाठी हे सगळं ठीक आहे. पण ज्या गेम बनवल्याच वीस-वीस तास खेळायला, त्यांच्या मशीनसोबत कार्ड न देणं म्हणजे बैल विकून कासरा वेगळा विकण्यासारखं झालं.

आमच्या तालुक्याच्या दुकानात दोन टीव्ही, नकली सीड्या चालाव्या म्हणून चिप मारलेले दोन पीएस टू, तासाला वीस रुपये. सीड्या नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून यायच्या. कार्ड एकाच मशीनला होतं, तेही ६४ एमबी लिहिलेलं नकली, ते आठ-पंधरा दिवसांनी आपोआप कोरं व्हायचं. त्यात लोडशेडिंग. गॉड ऑफ वॉर २००५ ची, सुरुवात भर समुद्रात जहाजावर, हायड्रा नावाचा मुंडकीवाला राक्षस आणि शेवटी त्याचं मोठं मुंडकं डोलकाठीवर ठोकायचं. तिथपर्यंत आलं की तास संपायचा नाहीतर लाइन जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच जहाज. मी ते जहाज किमान पंधरा वेळा पार केलं असेल, अथेन्स शहर पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजला नागपूरला गेल्यावर, आणि आमच्या इकडच्या निम्म्या पोट्ट्यांसाठी ती गेम म्हणजे अजूनही तेवढंच जहाज आहे.

वाईट याचं वाटतं की गेम बनवणाऱ्यांनी सेव करायच्या जागेवर किती जीव लावला होता. गॉड ऑफ वॉरमध्ये उजेडाचा खांब. २००१ च्या इकोमध्ये आर वन बटण दाबून पोरीचा हात धरून चालायचं, आणि दगडी सोफ्यावर दोघं सोबत बसले तरच सेव. रेसिडेंट इव्हिल फोरमध्ये टाइपरायटर. शॅडो ऑफ द कोलोससमध्ये १६ राक्षस आणि माळरानावर मधेमधे प्रार्थनेच्या जागा. हे सगळं दमून टेकायला केलेलं, आणि आमच्याकडे धड कार्डच नाही तर टेकणार कुठं.

म्हणून जीटीए सॅन अँड्रियासचं आपल्याकडे काय झालं ते बघा. २००४ ची गेम, घरात जाऊन फ्लॉपीच्या खुणेवर सेव करायची, घड्याळ सहा तास पुढे जायचं. आमच्यात ते घर कोणाला माहीतच नव्हतं. मिशन टिकत नाही म्हटल्यावर सगळे चीट कोडवर आले. वहीच्या मागच्या पानावर आर वन, आर टू, एल वन, आर टू, मग लेफ्ट डाउन राइट अप दोनदा, की बंदुका आल्या. लोक म्हणतात गावाकडच्या पोरांना स्टोरीत इंटरेस्ट नव्हता, नुसती तोडफोड पाहिजे होती. हे साफ चूक आहे, स्टोरी सेव होत नव्हती.

पुढचं पटापट घडलं. २००६ ला पीएस थ्री आला, त्यात हार्ड डिस्क, कार्डाचा विषय संपला. पण आपल्याकडे पीएस टूच चालत राहिला, आणि २००९ ला हैदराबादच्या स्टुडिओने हनुमानावरची ॲक्शन-ॲडव्हेंचर त्याच्यावरच काढली, प्लेस्टेशनसाठी पूर्ण भारतात बनलेली पहिली गेम. देवाला रिमोटच्या बटणावर फिरवायचं का म्हणून आक्षेपही घेतला गेला. २०१३ च्या सुरुवातीला पीएस टूचं उत्पादन थांबलं.

त्याच्या एक-दोन वर्षं आधी आमच्या दुकानवाल्या दादाने इन्व्हर्टर घेतला आणि असली कार्डं आणून ठेवली, महिन्याला तीस रुपये वेगळे. गल्ल्याच्या काचेखाली ती ओळीने ठेवलेली असायची, प्रत्येकावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणि निळ्या पेनाने नाव. सोयाबीन निघालं की बापाच्या मागे लागून पोट्टे तीन-तीन महिन्यांचे पैसे आधीच भरून ठेवायचे.