होफब्रॉयहाउस आणि गव्हाच्या बिअरचा अपवाद : पार्श्वभूमी

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील म्युनिकच्या होफब्रॉयहाउस (‘दरबारची ब्रुअरी’) या बिअर हॉलमध्ये येणाऱ्या पर्यटकांना बव्हेरियन बिअरची महती सांगताना 1516 च्या ‘शुद्धतेच्या कायद्या’चा दाखला हमखास दिला जातो. ‘प्लात्झल’ चौकातील ही जागा बिअरशी जोडली गेली ती मात्र त्या कायद्याला केलेल्या अपवादामुळे.

इंगोलश्टाट येथे 23 एप्रिल 1516 रोजी निघालेल्या त्या फर्मानात बार्ली, हॉप्स (बिअरला कडवट चव देणारी फुले) आणि पाणी यांखेरीज बिअरमध्ये काही घालू नये, असे वाक्य आहे हे खरे. पण फर्मानाला भावाचीही तितकीच चिंता होती. सेंट मायकेलच्या सणापासून सेंट जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे थंडीच्या दिवसांत, एका मापाला एक फेनिग (तेव्हाचे नाणे) आणि उरलेल्या काळात दोन फेनिग अशी कमाल मर्यादा त्यात घालून दिलेली आहे. ज्याने बिअर आंबते त्या यीस्टचा उल्लेखही नाही. पुढे 1551 च्या फर्मानाने तर बिअरमध्ये धणे घालण्यास मुभा दिली. ‘राइनहाइट्सगेबोट’, म्हणजे शुद्धतेचा आदेश, हा शब्द 1918 मध्ये बव्हेरियाच्या विधिमंडळातील चर्चेत रूढ झाला. म्हणजे त्याच्या चारशे वर्षे आधीच्या एका दरपत्रकवजा हुकमाला तो मागाहून चिकटवलेला आहे, हे विसरले जाते.

गहू पावासाठी राहावा, हा बार्लीच्या सक्तीमागचा एक हेतू मानला जातो. असे असूनही एका सरदार घराण्याला गव्हाची बिअर गाळण्याचा खास हक्क बव्हेरियाच्या ड्यूकनेच बहाल केला होता. 1602 मध्ये ते घराणे निर्वंश झाले आणि हक्क दरबाराकडे परत आला. तत्त्वाची चाड असती तर तो तेव्हाच रद्द करता आला असता. त्याऐवजी तत्कालीन ड्यूकने गव्हाच्या बिअरचा मक्ताच स्वतःकडे घेतला आणि 1607 मध्ये प्लात्झल येथे तिच्यासाठी ब्रुअरी उभारली. प्रजेला मनाई आणि दरबाराला मिळकत अशी ही व्यवस्था 1798 पर्यंत टिकली.

1589 हे स्थापनावर्ष सर्वत्र सांगितले जाते. ते आहे दरबारच्या आधीच्या ब्रुअरीचे. उत्तरेकडील आइनबेक गावाहून येणारी महागडी बिअर दरबाराला परवडेनाशी झाल्यामुळे ती ब्रुअरी ‘आल्टर होफ’ या जुन्या राजवाड्यात सुरू झाली होती. पुढे आइनबेकचाच एक जाणकार ब्रुअर म्युनिकला आणवला गेला, आणि बव्हेरियन उच्चारात त्या गावाच्या नावाचा अपभ्रंश होत ‘बॉक’ हे कडक बिअरचे नाव तयार झाले.

सर्वसामान्यांना येथे प्रवेश मिळाला तो 1828 मध्ये, राजाच्या हुकमाने. 1896 मध्ये बिअर गाळण्याचे काम इसार नदीपलीकडे हलले आणि जुनी इमारत पाडून 1897 मध्ये नवी उभी राहिली. त्यामुळे आज पर्यटक ज्या कमानींखाली बसतो, त्या सोळाव्या नव्हे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या आहेत, आणि नावात ‘ब्रुअरी’ असलेल्या या घरात तेव्हापासून बिअर तयार होत नाही.

विसाव्या शतकाने या दालनाला वेगळीच ओळख दिली. एप्रिल 1919 मध्ये येथे कम्युनिस्टांनी आपली सत्ता जाहीर केली. 24 फेब्रुवारी 1920 रोजी वरच्या मजल्यावरील सभागृहात नाझी पक्षाचा 25 कलमी कार्यक्रम वाचला गेला. हिटलरचा 1923 चा फसलेला उठाव मात्र येथला नव्हे. तो नदीपलीकडच्या दुसऱ्या बिअर हॉलमधला, आणि तो हॉल 1979 मध्ये पाडण्यात आला. पर्यटक ही गल्लत सर्रास करतात. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत इमारतीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला; वरचे सभागृह 1958 मध्ये पुन्हा खुले झाले.

तळमजल्यावरील ‘श्वेमे’ या मोठ्या दालनात आजही नेहमीच्या मंडळींची टेबले राखीव असतात आणि त्यांचे मग कुलूपबंद जाळीच्या कप्प्यांत ठेवलेले असतात. पर्यटकासमोर लिटरभराच्या ‘मास’मध्ये येते ती बार्लीची बिअर. जिच्यासाठी ही जागा मुळात घेतली गेली, ती गव्हाची बिअर अर्ध्या लिटरच्या उंच ग्लासात, वेगळी मागवावी लागते.