एक एकर मका, साडेतीनशे लिटर पेट्रोल

एक टन मक्यातून साधारण 380 लिटर इथेनॉल निघतं. देशाची सरासरी एकरी 14 क्विंटलच्या आसपास, म्हणजे एकरामागे 530 लिटर. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, त्यामुळे हे झालं साडेतीनशे लिटर पेट्रोल. त्यातून युरिया (तो नैसर्गिक वायूपासूनच बनतो), नांगरट, वाहतूक आणि डिस्टिलरीची वाफ वजा करा. अमेरिकेत मका एकरी आपल्या तिप्पट पिकतो, तरी एक भाग ऊर्जा घालून हाती सव्वा ते दोन भागच येतात. पेट्रोलमध्ये मिसळायला ठीक, मका पेट्रोलची जागा घेईल म्हणणाऱ्याकडे आधी एकरांचा हिशेब मागावा.

कोल्हापुरातल्या साखर कारखान्यांपुढे मात्र प्रश्न वेगळा आहे. गाळप उरकलं की मळी संपेपर्यंत डिस्टिलरी चालते, मग बसून राहते. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसाच्या इथेनॉलवर 2023-24 पुरते निर्बंध घातले, तेव्हापासून मक्याचा विचार जोरात आहे.

मळीत साखर तयारच असते. यीस्ट टाकलं की आंबवण सुरू. मक्यात स्टार्च. मका दळायचा, पाण्यात कालवून 85-90 अंशांवर अल्फा-अमायलेज या विकराने (एन्झाइमने) पातळ करायचा, 32 अंशांपर्यंत थंड करून ग्लुकोअमायलेज (स्टार्चची साखर करणारं विकर) आणि यीस्ट घालायचं. पन्नास-साठ तासांनी ऊर्ध्वपातन. 95 टक्क्यांनंतरचं पाणी साध्या ऊर्ध्वपातनाने निघत नाही, त्याला मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषून घेणारी चाळणी) लागते. टाक्या, कॉलम, सीव्ह जुनेच चालतात. गिरणी, स्टार्च पातळ करायच्या टाक्या, डिकँटर (चोथा वेगळा करणारं यंत्र) आणि ड्रायर नवे लागतात.

घोटाळा होतो तो एप्रिल-मेमध्ये. कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट. टाकी 35 अंशांवर गेली की यीस्ट मलूल होतं, लॅक्टिक जिवाणू फोफावतात, आम्लता चढते आणि साखर तशीच उरते. चिलरचा खर्च इथे वाचवू नये.

पैशांचं गणितही बारीक आहे. मका 2400 रुपये क्विंटलने घेतला तर लिटरमागे 63 रुपये कच्च्या मालातच जातात. मक्याच्या इथेनॉलचा तेल कंपन्यांचा 2024-25 चा खरेदी दर लिटरला 71.86 रुपये होता. नफा खरा डीडीजीएसमध्ये, म्हणजे मक्याच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा उरणाऱ्या प्रथिनयुक्त पशुखाद्यात. ते सुकवायला वाफ भरपूर लागते. हंगामातला बगॅस (उसाचा चोथा) राखून ठेवला असेल तर ती स्वस्त आणि स्वच्छ. बगॅस विकून कोळसा आणला, तर जीवाश्म इंधन वाचवल्याचा दावा तिथेच पातळ होतो.

खरिपाचा ओला मका घेताना तर जास्तच सावध. ओलावा 14 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ढिगात बुरशी धरते, आणि तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष डिस्टिलरीत नष्ट होत नाही. स्टार्च निघून गेल्यामुळे डीडीजीएसमध्ये सुमारे तिप्पट होतं. तिथून ते जनावराच्या दुधात उतरतं. दुधाच्या जिल्ह्यात गाडी काट्यावर असतानाच नमुना तपासलेला बरा, गोदामात रिकामी झाल्यावर नव्हे.