हिराबाग ते गावचा मांडव : स्थानिक साहित्य मेळावे आले कुठून?

11 मे 1878 रोजी पुण्याच्या हिराबागेत पन्नासेक ग्रंथकार जमले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी तीन महिने आधी, 7 फेब्रुवारीच्या 'ज्ञानप्रकाश'मध्ये तसं आवाहन छापलं होतं. अध्यक्ष रानडेच. आज ज्याला आपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो, त्याची गणती या सभेपासून होते. पण तेव्हा तिचं नाव साधं होतं, ग्रंथकारांची सभा. मांडव नव्हता, दिंडी नव्हती, प्रेक्षक तर नव्हतेच. मराठीत लिहिणाऱ्यांनी एकमेकांची तोंडं पाहावीत आणि ग्रंथप्रसाराचं काही जमतंय का ते बघावं, एवढाच बेत.

पुढचं संमेलन भरायला सात वर्षं लागली. ते 1885 साली पुण्यातच झालं, कृष्णशास्त्री राजवाडे अध्यक्ष होते. त्यानंतर थेट 1905, सातारा. मधली वीस वर्षं काहीच नाही. परंपरा म्हणावी असं त्यात फारसं काही दिसत नाही.

तरीही 1885 चं संमेलन महत्त्वाचं आहे, आणि ते झालेल्या भाषणांमुळे नव्हे, तर न आलेल्या माणसामुळे. रानड्यांनी जोतीराव फुल्यांना बोलावलं होतं. फुल्यांनी यायला नकार दिला आणि तो पत्रानं कळवला. हे पत्र 11 जून 1885 च्या 'ज्ञानोदया'त छापून आलं. त्यात या ग्रंथकारांसाठी वापरलेला 'घालमोडे दादा' हा शब्द अजून मराठीत चलनात आहे. शूद्रातिशूद्रांना काय सोसावं लागतं हे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या ग्रंथकारांना कसं कळणार, आणि त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ कसा बसणार, असा त्यांचा सवाल होता. पुढच्या सव्वाशे वर्षांत गावोगाव, समाजागणिक, बोलीगणिक जी संमेलनं उभी राहिली त्यांतल्या बऱ्याचशांच्या मुळाशी हाच सवाल आहे. मोठ्या मांडवात आपल्याला जागा नसेल तर आपला मांडव आपण घालू.

मात्र हिराबागेपासून सुरुवात धरली की एक गोष्ट निसटते. लेखकांची सभा भरण्याच्या कितीतरी आधी मराठी मुलुखात ऐकणारे आणि वाचणारे जमू लागले होते. कीर्तन होतं, कलगी-तुऱ्याचे सवालजवाब होते. दोन फडांनी रात्रभर एकमेकांना काव्यात कोडी घालायची आणि हरलेल्यानं मान खाली घालायची, हा साहित्यिक कार्यक्रम नाही तर काय? नव्या धर्तीची वाचनालयंही आधीच होती. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. यांतली काही सुरुवातीला 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' होती. साहेबांच्या पाठिंब्यानं निघालेली आणि इंग्रजी शिकलेल्या मोजक्या मंडळींची. त्यांचं नगर वाचनालय व्हायला काळ जावा लागला. पण गावात एक खोली, तिथं चार वर्तमानपत्रं आणि संध्याकाळी जमणारी माणसं, हे बस्तान तेव्हाच बसलं.

त्या खोलीला लागून आली व्याख्यानमाला. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 साली सुरू झाली, म्हणजे हिराबागेच्याही तीन वर्षं आधी. तिच्यामागेही रानडेच. उन्हाळ्याची सुट्टी, मोकळी संध्याकाळ आणि रोज एक वक्ता, ही रचना इतकी सोयीची निघाली की पुढे लहानमोठ्या गावांनी ती जशीच्या तशी उचलली. नाशिकची वसंत व्याख्यानमाला गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात भरत आली आहे. नदीकाठ, उकाडा आणि फुकट प्रवेश यांपुढे कुठल्याही बंद सभागृहाचं काही चालत नाही. 1893 नंतर सार्वजनिक गणेशोत्सवानं मेळे आणि व्याख्यानं यांना आणखी दहा दिवस मिळवून दिले. सत्यशोधकी जलसे आणि नंतरचे आंबेडकरी जलसे तर मांडवाचीही वाट पाहत नसत. वाचता न येणाऱ्यांपर्यंत नवा विचार पोचवायचा तर पद, सवाल आणि नाट्य हवं, हे त्या शाहिरांनी ओळखलं होतं. साहित्याच्या इतिहासात या जलशांना अजून कडेलाच बसवलं जातं, हे मला पटत नाही.

स्थानिक मेळाव्यानं काय साधतं याचं एक उदाहरण खानदेशात सापडतं. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरलं. डॉ. का. र. कीर्तिकर अध्यक्ष होते. त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा, सतरा वर्षांच्या आतबाहेरचा धरणगावचा मुलगा तिथं कविता म्हणायला उभा राहिला आणि खाली उतरला तो 'बालकवी' होऊन. ही पदवी त्याला त्याच संमेलनात मिळाली. पुण्या-मुंबईला जाऊन कुणाची शिफारस मिळवायची तर त्याला किती वर्षं लागली असती कुणास ठाऊक. आयुष्यही त्याला मोजकंच मिळालं, 1918 साली तो गेला. जळगावात त्या वर्षी मांडव पडला नसता तर, असा विचार अधूनमधून मनात येतो.

संस्थांची नोंद थोडक्यात करतो, कारण त्यांच्या घटना आणि ठराव वाचून कुणाचं भलं झालेलं नाही. महाराष्ट्र साहित्य परिषद 1906 मध्ये पुण्यात स्थापन झाली, विदर्भ साहित्य संघ 1923 मध्ये अमरावतीत, मुंबई मराठी साहित्य संघ 1935 मध्ये, मराठवाडा साहित्य परिषद 1943 मध्ये निजामाच्या राज्यात. 1961 साली त्यांचं महामंडळ झालं. कोकण मराठी साहित्य परिषद त्यामानानं धाकटी. मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकारानं ती 1991 ला उभी राहिली. या संस्थांच्या गावोगाव शाखा निघाल्या. शाखा म्हणजे बहुतेक ठिकाणी एक निवृत्त शिक्षक, एक शिक्का आणि पावतीपुस्तक. पण हॉल मागायला, वर्गणी गोळा करायला आणि पाहुण्याला पत्र धाडायला तेवढं पुरतं.

संस्थेवाचूनही बरंच चालतं. पुण्यातलं रविकिरण मंडळ (1923) हा मुळात मित्रांचा अड्डा. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. आणि मनोरमाबाई रानडे ही मंडळी एकत्र बसायची, एकमेकांच्या कविता ऐकायची, पदरमोड करून छापायची. कविता चालीवर म्हणून दाखवण्याचा त्यांचा प्रघात गावोगाव पोचला. कवी बोलावला की लोक येतात, हा हिशेब आयोजकांना तिथून कळला. स्वातंत्र्यानंतर विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी काव्यवाचनाचे दौरे केले तेव्हा चाल गेली, वाचन राहिलं, गर्दी मात्र तशीच.

गावातल्या संमेलनाचं नाव काढलं की औदुंबर आठवतंच. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी दत्ताचं हे ठिकाण. कवी सुधांशु आणि त्यांच्या मित्रांनी, सदानंद सामंत या अकाली गेलेल्या सोबत्याच्या नावानं, सदानंद साहित्य मंडळ काढलं. मंडळाचं संमेलन स्वातंत्र्याच्या आधीपासून मकर संक्रांतीला भरत आलं आहे आणि त्यानं ऐंशीचा आकडा कधीच ओलांडला. तारीख ठरवायला बैठक लागत नाही. संक्रांत आहे म्हणजे संमेलन आहे. सणाला घरी आलेली माणसं, देवदर्शनाला आलेली माणसं, सगळी तिथंच ऐकायला बसतात. गावोगावची जी संमेलनं टिकली ती बहुधा अशीच कशाला तरी धरून टिकली: जत्रा, सण, वाचनालयाचा वर्धापनदिन, कुणाची पुण्यतिथी. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर नाटक शंकरपटाला बांधलेलं. दिवसा बैलांची शर्यत, रात्री उजाडेपर्यंत नाटक, आणि त्या निमित्तानं घरोघरी सोयरे मुक्कामाला. देसाईगंज वडसा हे त्या नाट्यधंद्याचं केंद्र आहे. नाटकाला प्रेक्षक कुठून आणायचे हा प्रश्न तिथं कुणी विचारत नाही.

बेळगाव भागात याच गोष्टीला वेगळी धार आहे. 1946 च्या मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला साहित्य संमेलन झालं आणि तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 ला, ज्या गावात हा ठराव झाला तेच गाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. पुढे कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशा एकेका गावानं आपापलं वार्षिक संमेलन सुरू केलं. हंगाम हिवाळ्याचा. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, व्याख्यान, कथाकथन, कविसंमेलन, असा एका दिवसाचा कार्यक्रम. दिंडीत डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, लेझीम खेळणारी शाळेची पोरं आणि पालखीत पुस्तकं. शहरी माणसाला हे भाबडं वाटू शकतं. पण आपली भाषा दप्तरी चालत नसेल, तर वर्षातून एकदा ती रस्त्यानं वाजतगाजत नेण्याचा अर्थ वेगळा असतो.

फुल्यांच्या पत्राकडे पुन्हा यायला हवं. 1958 साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आणि त्याचं उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केलं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे तर दलितांच्या तळहातावर तरली आहे, हे त्यांचं प्रसिद्ध वाक्य तिथलं. गंगाधर पानतावण्यांच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाचे मेळावे याच वाटेवरचे. लिहू लागलेल्या कित्येकांनी आपलं लेखन चारचौघांत पहिल्यांदा तिथं वाचलं. 1999 मध्ये धारावीत बाबूराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली पहिलं विद्रोही साहित्य संमेलन झालं. त्याच वर्षी मुंबईतच अखिल भारतीय संमेलनही होतं. दोन्हींतलं अंतर लोकलच्या काही स्टेशनांचं, पण ते 1885 पासून चालत आलेलं. मुस्लिम मराठी, ख्रिस्ती, ग्रामीण, आदिवासी, शिवाय अहिराणी, आगरी, झाडीबोली अशी संमेलनं आपापल्या जागी भरतातच. इतकी संमेलनं हवीत कशाला, अशी कुरकुर दर हिवाळ्यात कुणीतरी करतं. कुरकुरणारा बहुधा मोठ्या मांडवात पहिल्या रांगेत बसलेला असतो.

सरकारचा हात या सगळ्याला उशिरा लागला. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं अ, ब, क, ड वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान ठरलं, आणि खेड्यातल्या वाचनालयाला निदान वर्षाचा काही भरवसा आला. अनुदान तुटपुंजं, ग्रंथपालाचा पगार त्याहून तुटपुंजा. तरी गावात पाहुणा लेखक आला की त्याला बसवायची खुर्ची याच खोलीतली असते. दिवाळी अंकांची वर्गणी, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, सगळं तिथंच. शहरांत हेच काम कट्ट्यांनी उचललं: महिन्याचा ठरलेला दिवस, बागेतली किंवा सोसायटीतली जागा आणि हारतुऱ्यांना फाटा. 2017 मध्ये साताऱ्यातलं भिलार 'पुस्तकांचं गाव' झालं. घराघरात पुस्तकं मांडलेली, कुणीही जाऊन वाचावीत. स्ट्रॉबेरीला आलेली माणसं पुस्तक हातात घेतात, म्हणजे पुन्हा औदुंबरचाच हिशेब.

गावच्या संमेलनात स्थानिकांचं कविसंमेलन नेहमी शेवटच्या सत्रात असतं. उद्घाटन लांबलेलं, पाहुण्याचं भाषण लांबलेलं, जेवणंही उशिरा झालेली. पाहुणे गाडीत बसून गेले की सूत्रसंचालक यादी काढतो आणि प्रत्येकी एकच कविता, तीही छोटी, अशी ताकीद देतो. यादीत पोस्टमन असतो, अंगणवाडी सेविका असते, बारावीची मुलगी असते. मागे मांडववाला खुर्च्या एकात एक घालायला लागलेला असतो. पुढच्या तीन रांगा मात्र हलत नाहीत, कारण त्यांच्या घरातल्या माणसाचा नंबर अजून यायचा असतो.