विसरलेला पासवर्ड कुणीच का सांगू शकत नाही?

"माझा जुना पासवर्ड काय होता, तेवढं बघून सांगा ना," ही विनंती ऑफिसातल्या सिस्टिमवाल्याला नेहमीची. तो नवा पासवर्ड देतो, जुना सांगत नाही. लोकांना हा आडमुठेपणा वाटतो. पण जुना पासवर्ड त्यालाही दिसत नाही, आणि तो दिसू नये अशी सोय मुद्दाम केलेली आहे.

सुरुवातीला तो दिसायचा. १९६० च्या दशकाच्या आरंभी एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली उभारली. एकच मोठा संगणक अनेकजण वाटून वापरणार, म्हणून ज्याच्या-त्याच्या फायली वेगळ्या राखायला पासवर्ड आले. ते सगळे एकाच फाइलमध्ये, जसेच्या तसे लिहिलेले. तिथे पीएच.डी. करणाऱ्या ॲलन शेर यांना वाट्याला आलेला वेळ पुरेना. १९६२ मध्ये त्यांनी पंचकार्ड (आज्ञा भोकांच्या रूपात असलेलं कार्ड) टाकून ती फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या खात्यांवर काम उरकलं. पुढे याच प्रणालीत दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड झळकले.

यावरचा उपाय इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये संगणकतज्ज्ञ रॉजर नीडहॅम यांना सुचला: पासवर्ड साठवायचाच नाही. त्यावर गणिती प्रक्रिया करून आलेलं रूप तेवढं ठेवायचं. त्या रूपावरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही. लॉगिन करताना तीच प्रक्रिया पुन्हा करायची आणि दोन्ही रूपं जुळतात का ते पाहायचं. मला हा संगणकाच्या इतिहासातला फार मोलाचा विचार वाटतो. युनिक्स या संगणकप्रणालीत तो रुजला. तिच्यावर काम करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या लेखात ३,२८९ पासवर्ड तपासल्याचं नोंदवलं आहे. त्यांतले ८६ टक्के अगदी तोकडे किंवा शब्दकोशात, नावांच्या यादीत सापडणारे निघाले.

जुना पासवर्ड सांगता येत नाही म्हटल्यावर प्रश्न उरला तो माणूस ओळखायचा. बँकांच्या जुन्या सवयीतला 'आईचं माहेरचं आडनाव' हा प्रश्न संगणकाच्या खात्यांवरही आला. आपल्याकडे तर लग्नाच्या बायोडेटात 'मामकुळ' छापलेलं असतं आणि तो कागद व्हॉट्सॲपवर गावभर फिरतो! असल्या उत्तराला गुपित मानणं मुळातच चूक होतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहू खातं अशाच प्रश्नांची उत्तरं जाहीर माहितीतून शोधून उघडलं गेलं. त्यानंतर ओटीपीवरचा भर वाढला. म्हणूनच जुना मोबाइल नंबर बंद करण्याआधी तो कोणकोणत्या खात्यांना जोडलेला आहे, हे बघणं फार गरजेचं.

नवा पासवर्ड मिळाला म्हणजे सगळं परत मिळालं, असंही नाही. विंडोज २००० पासून फायली कुलूपबंद करण्याची ईएफएस ही सोय आली. तिची किल्ली वापरणाऱ्याच्या पासवर्डशी बांधलेली असते. घरच्या संगणकावर ॲडमिनने दुसऱ्याचा पासवर्ड परस्पर बदलला, तर लॉगिन होतं, पण किल्लीची वेगळी प्रत ठेवलेली नसेल तर त्या फायली उघडत नाहीत. बिटलॉकर ही विंडोजची अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी सोय. ती चालू असलेल्या लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तरी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा आहे का, हे खातं उघडतंय तोवरच पाहून घ्यावं आणि ती कागदावर उतरवून ठेवावी.