पेंडीची बुरशी, माशाचे यकृत : मत्स्यखाद्याची पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड-शहापूरसारख्या भातपट्ट्यात तळ्यातल्या कटला-रोहूला भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घालणे ही जुनी रीत आहे. पेंड रात्री भिजत घालायची आणि सकाळी कोंड्यात कालवून गोळे पाण्यात सोडायचे. ही जोडी माशाच्या गरजेवरून नव्हे, तर भातगिरणी आणि तेलघाण्यात जे उरते त्यावरून ठरली. तरीही ती निभावली, कारण विरळ सोडलेल्या माशांची उरलेली गरज तळ्यातले प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, भागवत होते.

१९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूषिका (मेंदूच्या तळाशी असलेल्या) ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन माशांचे प्रेरित प्रजनन साधले आणि बीजासाठी, म्हणजे माशांच्या पिल्लांसाठी, नदीवर विसंबण्याची गरज कमी होत गेली. तळ्यांत मासे दाटले, प्लवंग पुरेनासे झाले आणि खाद्यातली उणीव माशाच्या अंगावर दिसू लागली. ‘क’ जीवनसत्त्व कमी पडले की कणा वाकतो, हे त्याचे नजरेत भरणारे उदाहरण.

पेंडीचा दोष मात्र आत लपतो. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले आणि कारण निघाले ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीवरच्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन. त्याच सुमारास अमेरिकेत कोरड्या गोळीखाद्यावर वाढवलेल्या रेनबो ट्राउटच्या यकृतात गाठी आढळल्या. तिथे हेच विष सरकीच्या पेंडीतून गेले होते. आषाढात ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेले पेंडीचे पोते फोडले की आत हिरवट-पिवळी झाक दिसते, तेव्हा हा इतिहास फार लांबचा वाटत नाही; आणि पेंड शिजवली तरी हे विष जात नाही.

पुढे १९७२-७३ च्या एल निनोत, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापले तेव्हा, पेरूची अँकोव्ही या छोट्या माशाची मासेमारी कोसळली, त्यापासून बनणारी खाद्यातली मासळीची भुकटी महागली आणि खाद्य कारखाने सोयाकडे अधिक वळले. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो. तो योग्य उष्णतेने बराचसा निकामी होतो. तरी तेल काढलेल्या सोयाच्या जास्त मात्रेने सामन माशाच्या आतड्याला सूज येते. रोहू-कटला त्यामानाने सोया सोसतात, पण भाजलेला. घरच्या घरी कच्चाच भरडून टाकला, तर मासा मरत नाही, नुसता वाढत नाही, आणि बोल मात्र बोटुकल्या (बोटाएवढी पिल्ले) विकणाऱ्याला लागतो.